पस्तिशीनंतर एलएलबी करायचा विचार आहे? मग आवोलोवोंची गोष्ट ऐका

नायजेरियातल्या लागोसला मी चार वर्षं अकाउंट्सच्या नोकरीत होतो. तिथे पहिल्याच आठवड्यात ज्या माणसाशी ओळख झाली तो शंभर नायराच्या नोटेवर होता. गोल चष्मा, डोक्यावर टोपी. ड्रायव्हरला विचारलं हे कोण रे, तर बाबा गो-स्लोमध्ये (तिकडे ट्रॅफिक जॅमला गो-स्लो म्हणतात) अडकल्या अडकल्या तासभर बोलत राहिला. नाव ओबाफेमी आवोलोवो, तिकडचे मोठे नेते, पण लोक नुसतं 'आवो' म्हणतात, आणि आपल्या कानाला कोणीतरी सारखं 'अहो, अहो' करतंय असंच वाटतं.

आता मी पुण्यात तीन वर्षांची एलएलबी करतोय, वय ३८. 'या वयात सुरू करू का' हा प्रश्न मला इतके जण विचारतात की एकदाच लिहून टाकतो. माझं सांगण्यासारखं फार नाही, म्हणून आवोंचंच सांगतो.

जन्म १९०९, नायजेरियाच्या पश्चिम भागातलं इकेने गाव, घरी शेती. ११ वर्षांचा असताना वडील गेले आणि मग शाळेसाठी पडेल ते काम. पुढे मास्तरकी केली, शॉर्टहँड-टायपिंग शिकून क्लार्क झाला, पेपरात बातमीदारी केली, कोकोचा व्यापार केला, मोटार वाहतुकीत पडला, धंद्यात आपटलाही. म्हणजे आपल्याकडे ज्याला 'पोराचं एकाही ठिकाणी बूड टेकत नाही' म्हणतात तसला बायोडेटा! पण यातच तो लंडन युनिव्हर्सिटीची बीकॉम बाहेरून, घरी बसून अभ्यास करून पास झाला आणि १९४४ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, महायुद्ध चालू असताना कायदा शिकायला लंडनला गेला. तेव्हा नायजेरियात वकील घडवणारी सोयच नव्हती, लॉ स्कूल आलं ते १९६२ नंतर, त्यामुळे वकील व्हायचं तर इंग्लंडच. नोव्हेंबर १९४६ मध्ये इनर टेम्पलमधून (लंडनची बॅरिस्टर घडवणारी संस्था) बॅरिस्टर, गांधीजी जिथून झाले तेच.

दोन वर्षांत हे सगळं कसं जमलं? एक म्हणजे मागे घरी बायको, हॅना, स्वतः व्यापार करून पोरंबाळं सांभाळत होती, हे लोक सांगायचं विसरतात. (माझ्या घरी पण हीच परिस्थिती आहे, फक्त व्यापाराच्या जागी बँकेतली नोकरी, आणि तिने हे वाचलं तर बरंच होईल.) दुसरं म्हणजे आधीची सगळी कामं वाया गेली नव्हती. ज्याने बातम्या लिहिल्यात त्याला भराभर वाचून मुद्दा काढता येतो, ज्याने हिशेब ठेवलेत त्याला करार वाचताना आकडा कुठे लपलाय ते दिसतं. मला स्वतःला कंपनी लॉ आणि टॅक्सचे पेपर सोपे गेले ते याचमुळे, वर्गातल्या बावीस वर्षांच्या पोरांना पाठांतर माझ्या दुप्पट येतं पण बॅलन्सशीट दाखवली की गप्प बसतात.

आता जरा इथल्या गोष्टी, कारण आवोंसारखी बाहेरून डिग्री घेऊ असं कोणाच्या डोक्यात असेल तर ते काढून टाका. आपल्याकडे पत्राने किंवा डिस्टन्सने केलेली एलएलबी बार कौन्सिल मानत नाही. सीईटी द्या, कॉलेज घ्या, ७० टक्के हजेरी लागते, आणि 'मॅनेज होतं' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, माझ्या बॅचमधले दोघं त्याच्यावरच अडकले. शेवटी वकिलीची सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही, वकिली तरी करा नाहीतर नोकरी तरी, आणि एआयबीई (बार कौन्सिलची परीक्षा) पास व्हावी लागते ती वेगळीच. हे पहिल्या वर्षी कोणी सांगत नाही, सांगतात ते तिसऱ्या वर्षी, तोपर्यंत घराचा हप्ता चालू झालेला असतो.

परत आवोंकडे. इबादान शहरात वकिली सुरू केली, चांगली चालली, १९४९ ला 'नायजेरियन ट्रिब्यून' हा पेपर काढला (अजून निघतो), मग अ‍ॅक्शन ग्रुप हा पक्ष, आणि १९५४ ला वेस्टर्न रीजनचे (देशाच्या पश्चिम प्रांताचे) प्रीमियर, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखं. पुढच्याच वर्षी जानेवारीत त्यांनी प्राथमिक शिक्षण सगळ्यांना फुकट केलं. एका वर्षात शाळेतली पोरं साधारण साडेचार लाखांवरून आठ लाखांवर गेली, वर्ग कमी, मास्तर कमी, सगळी धावपळ. पैसा कोकोचा आणि वाढवलेल्या कराचा, आणि त्या कराने लोक इतके चिडले की १९५४ च्या केंद्रीय निवडणुकीत आवोंचा पक्ष स्वतःच्याच रीजनमध्ये हरला. तरी योजना मागे घेतली नाही. ज्याने स्वतः फीसाठी ओझी वाहिली त्याच्याकडून दुसरं काय होणार.

सगळं गोड नाही हां. १९६३ मध्ये देशद्रोहाच्या खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झाली. खटल्यासाठी इंग्लंडहून वकील बोलावला होता, त्याला सरकारने देशातच येऊ दिलं नाही, म्हणजे इतका मोठा वकील आणि स्वतःला हवा तो वकील मिळेना. १९६६ ला लष्करी नेते गोवॉन सत्तेत आल्यावर सुटले आणि मग गृहयुद्धाच्या काळात अर्थखातं सांभाळलं. त्याच काळातला निर्णय म्हणजे युद्ध संपल्यावर बियाफ्रातल्या (फुटून निघालेला पूर्वेकडचा इग्बो लोकांचा भाग) खातेदाराला, बँकेत कितीही पैसे असोत, फक्त वीस पौंड. इग्बो लोक हे आजही विसरलेले नाहीत. लागोसमध्ये आमच्या ऑफिसात योरुबा (आवोंचे लोक) आणि इग्बो दोन्ही होते, आवोंचा विषय निघाला की अर्धे उठून चहाला जायचे. माझं मत विचाराल तर शाळा त्यांच्या नावावर लिहाव्यात आणि वीस पौंडही.

आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी पाठच करावा असा भाग १९७९ चा. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक. नियम असा की एकूण मतं जास्त तर हवीतच, शिवाय एकूण राज्यांपैकी किमान दोन तृतीयांश राज्यांत प्रत्येकी किमान पाव मतं हवीत. राज्यं किती? १९. आता १९ चे दोन तृतीयांश काढा बघू. बारा आणि वर दोन तृतीयांश! सगळ्यात जास्त मतं मिळालेले उमेदवार शेहू शगारी, त्यांना पाव मतं बारा राज्यांत मिळालेली, तेरावं कानो, तिथे जेमतेम २० टक्के. आवो दुसरे आलेले, त्यांचं म्हणणं साधं, राज्य काय कापता येतं का, तेरा म्हणजे तेरा. शगारींचे वकील रिचर्ड अकिंजिदे म्हणाले कापता येतं, कानोच्या दोन तृतीयांश मतांच्या पाव मतं धरा, म्हणजे साधारण १७ टक्के पुरे. सुप्रीम कोर्टाने शगारींच्या बाजूने निकाल दिला, न्यायमूर्ती कायोदे एसो यांनी वेगळं मत दिलं. बीकॉम झालेला बॅरिस्टर अपूर्णांकात हरला!

एकूण मतांत शगारी जवळपास पावणेआठ लाखांनी पुढे होतेच, त्यामुळे अन्याय झाला असं मी सरसकट म्हणणार नाही, पण कायदा लिहिणाऱ्याने १९ ला ३ ने भागून बघायला हवं होतं की नाही?

हे उदाहरण मी इंटरप्रिटेशन ऑफ स्टॅट्यूट्सच्या (कायद्याचा अर्थ कसा लावायचा तो विषय) तासाला सांगितलं, सर खूश झाले, फळ्यावर गणित मांडलं, अर्धा तास त्यातच गेला. तास संपल्यावर बाजूला घेऊन म्हणाले, छान आहे, पण परीक्षेत लिहू नकोस, पेपर तपासणारा शगारी कोण म्हणून शून्य देईल.