पथदिव्यांच्या लिफ्ट-गाडीचा तोल: आराखड्यापासून चाचणीपर्यंत

पथदिवे बदलणे, रस्त्याकडेच्या फांद्या छाटणे, मिरवणुकीच्या वाटेवर लोंबणाऱ्या तारा वर घेणे अशा कामांसाठी नगरपालिका आणि विजेचे ठेकेदार छोट्या ट्रकच्या चासीवर हायड्रॉलिक बूम, म्हणजे उचलणारा लांब हात, आणि त्याच्या टोकाला माणसांनी उभे राहायची बकेट बसवलेली गाडी वापरतात. अशी गाडी बनवून घ्यायला येणारा गिऱ्हाईक पहिला प्रश्न उंचीचा विचारतो. बूम बाजूला किती लांब जातो आणि त्या वेळी गाडी नेमकी कोणत्या रेषेवर तोललेली असते, हा खरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. म्हणून आराखड्याची सुरुवात त्याच रेषेपासून करावी.

जॅक, म्हणजे आउटरिगरचे चार पाय जमिनीवर टेकले की शेजारशेजारच्या दोन पायांच्या मध्यबिंदूंना जोडणारी रेषा ही उलटण्याची रेषा होते. गाडी उलटलीच तर या रेषेला बिजागरी करून उलटते. रेषेच्या आत असलेले वजन गाडीला धरून ठेवते आणि बाहेर असलेले वजन तिला उलटवू पाहते. बाकीचे सर्व गणित या दोन बाजूंच्या तुलनेचे आहे. पैसे वाचवण्यासाठी काही ठिकाणी फक्त मागे दोनच जॅक बसवतात. तसे केल्यास बाजूची रेषा मागच्या पायापासून पुढच्या टायरपर्यंत तिरकी जाते, गाडीचा गुरुत्वमध्य तिच्या जवळ येतो, शिवाय पुढची स्प्रिंग दबते ते वेगळेच. दोन माणसांच्या बकेटसाठी मी चारांपेक्षा कमी जॅक मान्य करत नाही.

एक उदाहरण घेऊन आकडे मांडू. काम करण्याची उंची सुमारे १० मीटर, म्हणजे बकेटचा तळ साधारण ८ मीटरवर. कोपरात दुमडणारा दोन हातांचा बूम, आणि फिरत्या मध्यापासून बाजूला जास्तीत जास्त पोच ६ मीटर. चासी, तिच्यावर बसवलेली वेगळी चौकट म्हणजे सबफ्रेम, बूमला धरणारा फिरता मनोरा आणि जॅक मिळून ३४०० किलो. बूम ४५० किलो. बकेट ६० किलो. तिच्यात ८० किलोची दोन माणसे आणि ४० किलोची हत्यारे. माणशी ८० किलो आणि हत्यारांचे किमान ४० किलो हे हिशेब युरोपातील ईएन २८० या मानकातले आहेत, आणि आपल्याकडील कामालाही ते योग्य ठरतात. जॅक पूर्ण बाहेर काढल्यावर दोन बाजूंच्या पायांमधील अंतर ३ मीटर, म्हणजे उलटण्याची रेषा मध्यापासून १.५ मीटरवर येते.

बूम आडवा काढला की भरलेल्या बकेटचे २६० किलो रेषेबाहेर ४.५ मीटरवर येतात: वजन गुणिले अंतर, ११७० किलोग्रॅम-मीटर. बूमचा गुरुत्वमध्य मध्यापासून २.५ मीटरवर, म्हणजे रेषेबाहेर १ मीटरवर: ४५०. बेरीज १६२०. बूम हलताना आणि थांबताना बसणाऱ्या झटक्यासाठी याचा दहावा भाग, १६२, वाढवावा. आता आडवे जोर. बकेटमधला माणूस अडकलेली केबल ओढतो तेव्हा तो गाडीलाही ओढत असतो. दोन माणसांसाठी हा जोर ४०० न्यूटन धरतात आणि तो बकेटच्या तळापासून १.१ मीटर वर लागतो. तळ ६ मीटरवर असताना त्याचे जवळपास २९० किलोग्रॅम-मीटर होतात. वारा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर धरला की प्रत्येक चौरस मीटरवर १०० न्यूटन दाब येतो. माणसे, बकेट आणि बूम मिळून २ चौरस मीटर क्षेत्र सरासरी ६ मीटर उंचीवर मानले तर १२२. जमीन २ अंशांनी कलती असेल तर सगळी वजने उताराकडे सरकतात, त्याचे सुमारे २३७. एकूण उलटवणारा जोर २४३१ किलोग्रॅम-मीटर. याच्याविरुद्ध ३४०० किलो १.५ मीटरवर, म्हणजे ५१००. दुपटीहून थोडे जास्त. मला हे प्रमाण पटते.

आता तीच गाडी, पण एका बाजूचे जॅक बाहेर न काढता. गल्ली अरुंद होती, रिक्षा लागलेली होती, घाई होती, कारण काहीही असो. उलटण्याची रेषा टायरच्या कडेवर, मध्यापासून ०.८ मीटरवर येते. धरून ठेवणारा जोर ५१०० वरून २७२० वर उतरतो. बकेट आता रेषेबाहेर ५.२ मीटरवर आणि बूमचा मध्य १.७ मीटरवर, म्हणून नुसत्या वजनांचेच २११७ होतात. २११७ हे २७२० पेक्षा कमी आहे, म्हणून वारा नसलेल्या दिवशी, सपाट आवारात, सावकाश बूम काढला तर गाडी उभी राहते. हीच खरी मेख आहे. चालक एकदा, दोनदा, दहादा असे काम करतो आणि त्याची खात्री पटते की जॅक नसले तरी चालते. मग एखाद्या दिवशी झटका, केबलची ओढ, वारा आणि रस्त्याचा ढाळ एकत्र येतात, बेरीज २९७८ वर जाते आणि गाडी आडवी होते. आवारात उभी राहिलेली गाडी स्थिर आहे, असे म्हणूच नये.

बूम सर्वांत उंच असतानाचा हिशेबही वेगळा करावा, कारण तिथे वजने आत येतात पण आडव्या जोरांचा हात लांबतो. तळ ८ मीटरवर असताना त्याच ४०० न्यूटनचे ३७१ किलोग्रॅम-मीटर होतात. आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे फ्लेक्स. सणासुदीला हीच गाडी फ्लेक्स लावायला आणि नंतर उतरवायला धाडतात. २ बाय ३ मीटरचा फ्लेक्स बकेटला धरून ठेवला तर त्या वाऱ्यात ६०० न्यूटन आडवा जोर येतो, म्हणजे ७ मीटर उंचीवर ४२८ किलोग्रॅम-मीटर. एवढा भार आराखड्यात घेतलेला नसेल, तर बकेटवर मराठीत, मोठ्या अक्षरांत, तसे रंगवून लिहावे.

वरचे ३४०० किलो कागदावरून घेऊ नयेत, वजनकाट्यावर मोजावेत. बूम बसवण्याआधी फक्त पुढची चाके काट्यावर चढवून एक वजन घ्यावे, मग फक्त मागची. समजा पुढे १५००, मागे १९०० आणि चाकांच्या आसांमधील अंतर ३.३ मीटर असेल, तर गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून १.८४ मीटरवर आहे. डिझेलची टाकी रिकामी, केबिनमध्ये कोणी नाही, अशा सर्वांत हलक्या अवस्थेत मोजावे, कारण धरून ठेवणाऱ्या बाजूला उदारपणा परवडत नाही. टायर जमिनीला टेकलेले असतील तर आसाचे आणि चाकांचे वजनही हिशेबात घेऊ नये. ते स्प्रिंगला लोंबून वर उचलले गेले तरच गाडीला धरून ठेवण्याच्या कामी येते. मात्र बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवरच असतो. उतारावर मागची चाके उचलली की ब्रेक उपयोगाचा राहत नाही आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. त्यामुळे उटीसाठी, म्हणजे चाकांना अडवायला, लाकडी ठोकळे ठेवण्याची जागा गाडीवरच करावी, आणि ती चालकाच्या दरवाजाजवळ असावी. मागच्या पेटीच्या तळाशी ठेवलेले ठोकळे कोणी काढत नाही.

ट्रकची चासी रस्त्यावर थोडी पिळावी अशीच बनवलेली असते. लिफ्टसाठी नेमके उलटे हवे. म्हणून मनोरा आणि चारही जॅक एका स्वतंत्र सबफ्रेमवर बसवावेत आणि ती बंद पेटीच्या छेदाची असावी, कारण उघड्या चॅनेलपेक्षा बंद पेटी पीळ कितीतरी पटींनी चांगला सहन करते. जॅक चासीला आणि मनोरा सबफ्रेमला, अशी विभागणी कधीही करू नये. बूमचा सगळा जोर सबफ्रेममधूनच जमिनीत उतरला पाहिजे. सबफ्रेम चासीला बोल्ट-पट्ट्यांनी जोडावी. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू नये, वेल्डिंग करू नये. वाहन बनवणाऱ्या कंपन्यांच्या बॉडी बांधणीच्या पुस्तिकांत हे स्पष्ट सांगितलेले असते, आणि तरीही गॅरेजमध्ये पहिले भोक तिथेच पडते. वेल्डचा थकवाही, म्हणजे पुन्हापुन्हा भार येऊन येणारा कमकुवतपणा, पाहावा लागतो. ईएन २८० मध्ये हलक्या वापरासाठी ४०,००० आणि जड वापरासाठी १,००,००० भारचक्रे धरली आहेत. रोज संध्याकाळी दिवे तपासणारी गाडी जड वापरातच मोजावी.

बूम मागच्या कोपऱ्यावर असताना एकट्या पायावर गाडीचे निम्म्याहून जास्त वजन येते. आपल्या उदाहरणात ते २५०० किलो धरले आणि पायाची ताटली २० सेंटिमीटर व्यासाची असली तर चौरस सेंटिमीटरला जवळपास ८ किलो दाब येतो. डांबरी रस्ता उन्हाळ्यात हे सोसत नाही आणि पावसाळ्यातली काळी माती तर अजिबात नाही. खाली ६० बाय ६० सेंटिमीटरची जाड फळी ठेवली की तोच दाब ०.७ किलोवर येतो. अशा चार फळ्या हा गाडीचा भाग आहे, ॲक्सेसरी नव्हे. ताटलीला गोळ्याचा सांधा द्यावा, म्हणजे ढाळावरही ती पूर्ण टेकते. गटारावरची फरशी, नुकताच बुजवलेला पाइपलाइनचा चर आणि मॅनहोलचे झाकण यांवर पाय पडू नये, हे आराखड्याने थांबवता येत नाही. ते चालकाला शिकवावे लागते.

हायड्रॉलिकमध्ये एकच गोष्ट मी वाटाघाटीची मानत नाही: भार धरून ठेवणारा व्हॉल्व्ह प्रत्येक सिलिंडरच्या अंगावरच बसवलेला असावा. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये रबरी पाइप असेल, तर तो फुटल्यावर व्हॉल्व्ह असून नसल्यासारखाच. जॅकच्या सिलिंडरलाही हेच लागू आहे. तरीही जॅक तासाभरात थोडा खाली बसलेला दिसला तर लगेच गळती समजू नये. तेल थंड झाले की आकसते; ५०० मिलिमीटर तेलाचा स्तंभ २० अंश सेल्सिअसने थंड झाला तर साधारण ७ मिलिमीटरने कमी होतो. दुपारच्या उन्हात उभी केलेली गाडी संध्याकाळपर्यंत त्याच जागी काम करणार असेल, तर मध्ये एकदा पाय पुन्हा दाबून घ्यावेत आणि पातळी पाहावी. इंजिन बंद पडल्यास बकेट खाली आणण्यासाठी हातपंप जमिनीवरून वापरता येईल असा ठेवावा.

इंटरलॉक हा तोलाचाच भाग आहे. चारही पायांवर प्रत्यक्ष भार आल्याशिवाय बूम आपल्या खोबणीतून उठू नये, आणि बूम खोबणीत परत बसल्याशिवाय जॅक वर जाऊ नयेत. स्विच पायाच्या ताटलीपाशी, भार ओळखणारा असावा. जॅक किती बाहेर आला एवढेच पाहणारा स्विच हवेत लोंबणाऱ्या पायालाही होकार देतो. वायरिंग अशी करावी की तार तुटली तर हालचाल थांबेल. दुरुस्तीसाठी आलेल्या एका गाडीत मला या स्विचची दांडी बांधणीच्या तारेने दाबून ठेवलेली आढळली, तीही व्यवस्थित, दोन पीळ देऊन. विचारले तेव्हा कळले की स्विचमध्ये पाणी शिरून तो पावसाळ्यात रोज अडायचा. दोष चालकाचा होताच, पण आधी स्विच निवडणाऱ्याचा होता. तेव्हापासून मी पाणी न शिरणारा स्विच पत्र्याच्या आवरणात, हात पोहोचणार नाही असा बसवतो. अरुंद गल्लीत एकाच बाजूचे जॅक बाहेर काढावे लागणार असतील, तर मनोऱ्याला अशी अडवणूक द्यावी की बूम फक्त त्याच बाजूला फिरेल. छोट्या गाडीसाठी भार मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा बूमच्या लांबीनेच पोच मर्यादित ठेवणे मला जास्त भरवशाचे वाटते. भूमिती बंद पडत नाही.

बकेटबद्दल थोडक्यात: कठडा १.१ मीटर, मधली आडवी दांडी, तळाला १५ सेंटिमीटरची पट्टी, दार आत उघडणारे, आणि हार्नेस अडकवायला माणशी एक कडी. तळ नेहमी सपाट ठेवणाऱ्या जोडदांड्या झाकलेल्या असाव्यात. विजेच्या उघड्या तारांपासून बकेट आणि बूम दोन्ही किमान ३ मीटर दूर राहतील असे कामच आखावे. बूमचा कोपर मागच्या बाजूच्या तारेला लागतो, तेव्हा बकेटमधल्या माणसाची पाठ तिकडे असते.

चाचणी घेताना बकेटमध्ये कोणीही नसावे. बूम बाजूला पूर्ण काढून बकेट जमिनीपासून अर्धा मीटर वर ठेवावी, म्हणजे काही चुकलेच तर ती तिथेच टेकेल. झटका, ओढ, वारा आणि ढाळ यांचे मिळून ८११ किलोग्रॅम-मीटर होते, त्याला ४.५ मीटरने भागले की १८० किलो येतात. म्हणून सपाट जमिनीवर २०० ऐवजी ३८० किलो बकेटमध्ये ठेवून गाडी स्थिर राहिली पाहिजे. वाळूच्या पोत्यांपेक्षा पिंपात नळीने पाणी सोडणे बरे, भार सावकाश वाढतो. पाणी भरण्याआधी पलीकडच्या पायांखाली वर्तमानपत्राची एकेक पट्टी सरकवून ठेवावी. भार वाढत असताना मदतनीसाने ती हलकेच ओढून पाहावी. सहज सुटली तर त्या पायावर भार उरलेला नाही. फक्त एक पाय सुटला तर चौकट ताठ असल्यामुळे ते होऊ शकते, पण त्या बाजूच्या दोन्ही पट्ट्या सुटल्या तर पाणी बंद करून आराखड्याकडे परत जावे. बूम सर्व बाजूंना, दर ४५ अंशांवर, हेच करावे. त्यानंतर २५० किलो, म्हणजे सव्वापट भार ठेवून सगळ्या हालचाली चालवाव्यात आणि वेल्डवर रंगाला तडा गेला आहे का ते विजेरीने पाहावे.

गाडी रस्त्यावर आणण्याआधी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार बदलाची मंजुरी आरटीओकडून घ्यावी लागते, आणि मागच्या आसामागील भाग चाकांच्या आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा लांब जाता कामा नये. दुमडलेला बूम मागे लोंबणाऱ्या गाड्या इथेच अडतात, म्हणून बूमची खोबण केबिनच्या बाजूला आहे की मागे, हे सबफ्रेमचे पहिले पत्रे कापण्याआधीच ठरवलेले असावे.