हातमोजे घालूनच जीपीएस निवडा

बारा वर्षांत माझ्या हँडलबारवर वाट दाखवणारी चार यंत्रं येऊन गेली. पहिलं चारचाकीतलं होतं, ते पहिल्याच पावसात गेलं. दुसरं डोंगर चढणाऱ्यांचं, हातात धरायचं. दगडासारखं टिकाऊ, पण स्क्रीन आगपेटीएवढी. तिसरा फोन आणि चौथं खास मोटरसायकलसाठी बनवलेलं. शेवटची दोन अजून शेजारी शेजारी नांदताहेत. लांबच्या राइडला निघणारी मंडळी "कुठला घेऊ?" म्हणून विचारतात, तेव्हा मी उलटा प्रश्न टाकतो: वळण चुकल्यावर जीपीएस काय करतो, ते पाहिलंत का?

ठरलेल्या रस्त्याने जाताना सगळीच यंत्रं शहाण्यासारखी वागतात. एका सफरीत मी रात्री बसून छान वळणावळणाचा रूट आखला होता आणि वाटेतल्या एका तळ्याजवळ एक बिंदू टाकला होता. सकाळी पाहतो तर तळ्याकडे जाणारा फाटा खणून ठेवलेला. मी वळसा घालून पुढे निघालो, जीपीएस मात्र तळ्यावर अडून बसला. "शक्य होईल तिथे यू-टर्न घ्या." थोडं पुढे गेलो की पुन्हा तेच. अठरा किलोमीटर असंच चाललं. मागे बसलेल्या बायकोच्या हेल्मेटमध्येही तोच आवाज जात होता. शेवटी ती म्हणाली, "अहो, एकदा जाऊनच या त्याच्या तळ्यावर, म्हणजे गप्प बसेल."

चूक माझी होती. बऱ्याच मोटरसायकल जीपीएसमध्ये बिंदू दोन जातींचे असतात. एक म्हणजे जिथे पोहोचायलाच हवं असा थांबा, त्याला व्हाया पॉइंट म्हणतात. दुसरा, रस्ता आपल्याला हव्या त्या अंगाने ओढून घेण्यापुरता, तो शेपिंग पॉइंट. मी तळं पहिल्या जातीत टाकलं होतं. व्हाया पॉइंट गाळायचा असेल तर तसं यंत्राला सांगावं लागतं. शेपिंग पॉइंट हुकला तर एखादं यंत्र मुकाट्याने पुढचा धरतं, एखादं तिथेही मागे ओढतं. डब्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून घेण्याआधी, किंवा परत करण्याची मुदत आहे तोवर, ओळखीच्या रस्त्यांवर पाच बिंदूंचा रूट टाका आणि दुसरा बिंदू मुद्दाम चुकवा. "पुढचा बिंदू गाळा" असं बटण आहे का आणि ते किती वेळा टिचकी मारल्यावर हाती लागतं, ते मोजा. दोन टिचक्यांच्या पुढे गेलं तर रस्त्यावर तुम्ही ते वापरणार नाही, बाजूला थांबून चरफडणार.

याच ओघात रूट आणि ट्रॅक यातला फरकही समजून घ्या. दोन्ही जीपीएक्स, म्हणजे वाटेची माहिती साठवणाऱ्या फाइलमधूनच येतात, म्हणून गोंधळ होतो. रूट म्हणजे मोजके बिंदू. त्यांच्यामधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावरून आणि तुम्ही निवडलेल्या आवडीनिवडींवरून काढतं. त्यामुळे एकच फाइल दोन मित्रांच्या यंत्रांत टाकली तर दोघं दोन वाटांनी जाऊ शकतात, आणि जेवायला भेटल्यावर चूक कुणाची यावर तासभर वाद. ट्रॅक म्हणजे दाट ठिपक्यांची रेघ. तिच्यात गणित नसतं, ती नकाशावर फक्त दिसते, आणि तुम्ही भरकटलात तरी जागची हलत नाही. मी दोन्ही भरतो. बोलून वळण सांगायला रूट, आणि त्याच्याखाली वेगळ्या रंगात ट्रॅक. रूटची जांभळी रेघ ट्रॅकच्या निळ्या रेघेवरून सरकली की कळतं, यंत्राने स्वतःचं डोकं चालवलंय. जे यंत्र ट्रॅक असा सतत खाली दाखवू शकत नाही, ते मी घेत नाही.

बिंदू टाकताना नकाशा पुरेसा मोठा करून ठेवा. लहान नकाशावर टाकलेला बिंदू नेमका दुभाजकापलीकडच्या लेनवर किंवा बाजूच्या गल्लीत पडतो. मग यंत्र तुम्हाला गल्लीत शिरवून, फिरवून बाहेर आणतं. चौकात टाकू नका, चौकाच्या पुढे सरळ रस्त्यावर टाका.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. फोन आहे की खिशात, मग वेगळं यंत्र कशाला? जागा शोधण्यात फोन कुठेही कमी नाही. आजचे बहुतेक फोन अमेरिकेच्या जीपीएससोबत रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बायदू, सगळ्यांचे उपग्रह ऐकतात. त्यासाठी नेटही लागत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सांगत असतात आणि फोन नुसता ऐकतो. नेट लागतं ते नकाशासाठी. तो आधीच उतरवून ठेवला की झालं. ऑसमँड किंवा ऑरगॅनिक मॅप्ससारखी अॅप ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे घेऊन पूर्ण ऑफलाइन चालतात. नेट नसताना पहिल्यांदा जागा सापडायला मात्र वेळ लागतो, कारण प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर तीस सेकंदांनी पुन्हा सांगतो आणि ती नीट ऐकू येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून मी आधी यंत्र चालू करतो आणि मग हेल्मेट, हातमोजे वगैरे. बक्कल लागेपर्यंत त्याला सापडलेलं असतं.

फोन हरतो तो अंगाने. उन्हात, चार्जिंगला लावलेला, स्क्रीन पूर्ण उजळ, वर एखादं पारदर्शक पाकीट, म्हणजे त्याला भट्टीतच ठेवलंत. आयफोनसाठी अॅपलने सांगितलेली भोवतालच्या हवेची मर्यादा ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. भर दुपारी टाकीवरची हवा ती सहज ओलांडते. फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी हात वर करतो. पाकीट काढून उघड्या माउंटमध्ये, म्हणजे हँडलबारवरच्या पकडीत लावला तर वाऱ्याने पुष्कळ फरक पडतो, पण मग पावसाचा प्रश्न उरतो.

दुसरं दुखणं थरथरीचं. चांगल्या फोनच्या कॅमेऱ्यात भिंग स्थिर ठेवणारी बारीक हलती यंत्रणा असते आणि इंजिनाची थरथर हँडलबारमधून थेट तिच्यात जाते. मोठ्या मोटरसायकल इंजिनांच्या अशा थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अॅपलने २०२१ साली स्वतःच दिला. माझा फोन त्या कंपनीचा नव्हता, तरी सहाव्या दिवशी कॅमेरा उघडला तर डोंगर पाण्यात पाहिल्यासारखे हलत होते. दुरुस्तीत पूर्ण कॅमेराच बदलावा लागला. तेव्हापासून हँडलबारवर जुना फोन लावतो. त्याच्या कॅमेऱ्याचं काहीही झालं तरी दुःख नाही. चांगला फोन जॅकेटच्या खिशात. नवाच लावायचा असेल तर थरथर शोषणारा रबरी जोड असलेलं माउंट घ्या, त्यात काटकसर नको.

वर्षातून चार-पाच दिवस आणि तेही डांबरी रस्त्यावरच फिरणार असाल, तर जुना फोन, चांगलं माउंट आणि ऑफलाइन नकाशा, एवढ्यावर थांबा. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

वेगळं यंत्र घ्यायचं ठरलं असेल तर दुकानात जाताना हातमोजे, गॉगल आणि असेल तर चाळिशी बरोबर न्या. मला चाळिशी लागली आणि यंत्राकडे बघण्याची रीतच बदलली. हेल्मेटच्या आत चष्मा चढवायचा कंटाळा, आणि हँडलबारचं अंतर नेमकं असं की न चष्म्याने दिसत, ना बिनचष्म्याने. म्हणून टॉमटॉम रायडरच्या ४.३ इंचाऐवजी ५.५ इंचाच्या गार्मिन झूमो एक्सटीकडे वळलो. त्या सव्वा इंचाने माझा प्रश्न सुटला. चालवताना मी तीनच गोष्टी वाचतो: बाण, वळणाचं अंतर आणि पुढच्या रस्त्याचं नाव. बाकीचं सगळं बंद करून या तिन्हींची अक्षरं मोठी करता येतात का, हे बघा. ताशी ८० किलोमीटरने जाताना दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं की ४४ मीटर रस्ता न पाहता मागे पडलेला असतो. हे गणित केल्यापासून मी गिअरची, उंचीची, टायरच्या हवेची आकडेवारी दाखवणाऱ्या पानांकडे ढुंकूनही बघत नाही.

गॉगल कशाला? यंत्र दुकानाच्या दिव्याखाली नको, बाहेर उन्हात धरा, सूर्य पाठीमागून येईल असं. मग पोलराइज्ड गॉगल घालून ते आडवं-उभं फिरवा. काही स्क्रीन एका कोनात चक्क काळ्याठिक्कर पडतात. तुमच्या हँडलबारवर तीच बाजू वर येणार असेल तर विषय संपला.

आणि हातमोजे. तुम्ही खरोखर वापरता तेच, पावसाळी जाड असतील तर तेही. नकाशा बोटाने सरकवा, जवळ आणा, एक पत्ता टाइप करा. मग हातमोजे ओले करा आणि पुन्हा तेच. फोनची काच बोटाच्या विजेवर चालते, म्हणून तिला पावसाचा थेंबही बोटच वाटतो. एकदा भर पावसात माझ्या फोनने एकट्याने नकाशा लहान केला, रूट रद्द केला आणि कुणाला तरी फोनही लावला. मोटरसायकलसाठी बनवलेली यंत्रं यात बरीच सावरलेली असतात, पण सगळी सारखी नसतात. बसवताना डाव्या हाताला बसवा. उजवा हात थ्रॉटलवरून उचलायचा नाही, हे मागे बसणारीलाही पटतं.

पाण्याबद्दल डब्यावरचे आकडे नीट वाचा. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं तग धरणं, तेही स्थिर पाण्यात. ताशी शंभरच्या वेगाने समोरून आदळणारा पाऊस हा वेगळा प्राणी. जोरदार फवाऱ्याची चाचणी ५ आणि ६ या आकड्यांत असते, आणि ७ आहे म्हणजे ती आपोआप पार झाली असं नाही. शिवाय हे आकडे सगळी झाकणं बंद असतानाचे. तुम्ही यूएसबीचं रबरी झाकण उघडून चार्जिंगची वायर खुपसलीत की आकडा गेला. म्हणून वीज यंत्राच्या भोकातून नाही, तर माउंटवरच्या पिनांमधून येत असेल असं यंत्र मी निवडतो.

विजेचं थोडक्यात. १२ व्होल्टचं ५ व्होल्ट करणारा जोड इग्निशनवर चालू-बंद होईल असा आणि फ्यूज लावून बसवा. थेट बॅटरीला जोडलेला जोड गाडी उभी असतानाही थोडी थोडी वीज पीत राहतो आणि आठवडाभराने स्टार्टर नुसता खोकतो. एक अँपिअरचा स्वस्त जोड फोनला पुरत नाही. वायर लावलेली असूनही संध्याकाळपर्यंत टक्के उतरलेले दिसतात. माउंटसाठी एएमपीएस नावाची चार भोकांची मांडणी, ३० बाय ३८ मिलिमीटर, जवळपास सगळीकडे चालते. ती असेल तर यंत्र बदललं तरी खालचा सांगाडा तोच राहतो.

जुनं यंत्र घेत असाल तर ते उघड्यावर नेऊन उपग्रह सापडू द्या आणि तारीख बघा. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडे १०२४ पर्यंतच मोजले जातात आणि मग पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. असा फेरा ६ एप्रिल २०१९ च्या रात्री पूर्ण झाला. काही जुन्या यंत्रांना तो कळलाच नाही आणि ती जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवत बसली. "लाइफटाइम मॅप" या शब्दांवर भाळू नका, ती आयुष्यभराची हमी यंत्राच्या आयुष्याची असते, आणि ते कधी संपलं हे कंपनी ठरवते. नव्या नकाशाला जागा किती लागते आणि यंत्रात किती उरली आहे, एवढं विचारून घ्या.

घेतल्यावर पहिली राइड अशाच रस्त्यांवर करा जिथे तुम्हाला वाट विचारावी लागत नाही. यंत्र कुठे उशिरा बोलतं, कुठे पुलाखालचा रस्ता पुलावर दाखवतं, बोगद्यात किती वेळ जुन्याच जागी थिजतं, हे तिथेच कळतं. आमच्या टँक बॅगच्या, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवरच्या पिशवीच्या पारदर्शक कप्प्यात अजूनही बायकोने लिहिलेली चिठ्ठी असते: पाच गावांची नावं, एकाखाली एक, ठसठशीत. तळ्याचं नाव तिने त्यात पुन्हा कधी घातलेलं नाही.