घरासाठी टर्म विमा: रक्कम ठरवण्यापासून अर्ज भरण्यापर्यंत

टर्म विमा म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा. आधी त्याची रक्कम ठरवा. घरखर्च महिना ४०,००० रुपये असेल आणि धाकटं मूल कमावतं व्हायला १५ वर्षं असतील, तर ७२ लाख झाले. त्यात गृहकर्जाचे उरलेले २० लाख मिळवा, हाताशी असलेले १२ लाख वजा करा. म्हणजे ८० लाख. महागाई यात धरलेली नाही, म्हणून एक कोटीच घ्या. मुदत निवृत्तीच्या वयापर्यंत पुरे; ८५ वर्षांपर्यंतचं संरक्षण म्हणजे उगाच वाढीव हप्ता.

अर्ज एजंटवर सोपवू नका, स्वतः भरा. तंबाखू, बीपी, शुगर, जुनी शस्त्रक्रिया, आधीच्या पॉलिसी, सगळं लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत लपवाछपवी उघड झाली तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते, आणि दावे अडकतात ते बहुतेक इथेच.

व्यवसायासाठी कर्ज घेतलेल्या विवाहित पुरुषाने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्ती कायद्याखाली पॉलिसी घ्यावी. मग ती रक्कम पत्नी-मुलांचीच. कर्ज देणाऱ्यांना तिला सहसा हात लावता येत नाही. हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो आणि लाभार्थी नंतर बदलता येत नाहीत.

बचत वेगळी ठेवा. पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीच्या बचत खात्यात, वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. पैसे ५ तारखेपर्यंत जमा करा, नाहीतर त्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज बुडतं. पॉलिसी क्रमांक आणि नॉमिनीची नोंद कुठे आहे, हे पत्नीला आजच दाखवा.