डिगॉक्सिनची गोळी देण्यापूर्वी

डिगॉक्सिन हे हृदयविकारावरचे औषध फार जपून द्यावे लागते, कारण त्याची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत थोडेच अंतर असते. म्हणून गोळी देण्याआधी परिचारिकेने रुग्णाच्या छातीच्या डाव्या बाजूस, पाचव्या व सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत, साधारण स्तनाग्राच्या खाली स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण १ मिनिट ठोके मोजावेत. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय येथे कामाची नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) ठोके अनियमित पडतात आणि त्यांतील काही दुबळे ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. प्रौढ रुग्णाचे ठोके ६० पेक्षा कमी भरले, तर गोळी न देता डॉक्टरांना कळवावे आणि तशी नोंद करावी.

सोबत फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर लघवीवाटे पोटॅशियम जाऊन विषबाधेचा धोका वाढतो, त्यामुळे पोटॅशियम व क्रिएटिनिनचा (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) ताजा अहवाल पाहावा. मळमळ, दिव्याभोवती पिवळसर वलय दिसणे ही विषबाधेची लक्षणे होत. मात्र ‘जेवण जात नाही’ ही साधी वाटणारी तक्रारही वयावर ढकलू नये. काही डॉक्टर आठवड्यातून पाचच दिवस गोळी देतात. तसे असल्यास खाड्याचे दोन वार घरच्यांना मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत.