मानकुजीच्या बुरशीला किती आंबट मानवतं? प्रयोग असा करून बघा

हरभऱ्याचं चांगलं उगवलेलं रोप दोन-तीन आठवड्यांत पिवळं पडतं आणि मान टाकतं. उपटून बघा, जमिनीलगत खोडाला कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतील. हा रोग म्हणजे मानकूज आणि ही तिची बुरशी, स्क्लेरोशियम रोल्फसाय. 1892 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात वनस्पतिशास्त्रज्ञ रोल्फ्स यांनी ती टोमॅटोवर पाहिली, त्यांचंच नाव तिला पडलं. आपल्याकडे भुईमूग, सोयाबीन, टोमॅटो, कुणालाच ती सोडत नाही. तिला आम्लता आवडते असं पुस्तकात वाचण्यापेक्षा कॉलेजच्या प्रयोगशाळेत चार दिवसांत डोळ्यांनी बघता येतं.

आधी माध्यम, म्हणजे बुरशी जिच्यावर वाढवायची ती खळ. 200 ग्रॅम सोललेला बटाटा उकडून त्याचं पाणी गाळून घ्या. त्यात 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज (साखर) आणि 20 ग्रॅम अगर (माध्यम गोठवणारी पूड) घालून एक लिटर करा. पाच फ्लास्कमध्ये वाटा आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) 121 अंशांना 15 ते 20 मिनिटं ठेवा.

सामू (pH, आम्लतेचं माप; 7 च्या खाली आम्ल, वर विम्ल म्हणजे अल्कधर्मी) बदलायचा तो यानंतर, ही गोष्ट लक्षात ठेवा. मी पहिल्यांदा आम्ल आधीच घालून माध्यम तापवलं होतं. सकाळी पेट्री डिश (माध्यम ओतायची झाकणाची चपटी बशी) कलती केली तर सामू 4 चं माध्यम ताकासारखं हललं. आम्लात तापलं की अगर तुटतं आणि गोठत नाही. म्हणून माध्यम 50 अंशांच्या आसपास निवू द्या. मग निर्जंतुक हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून सामू 4, 5, 6, 7 आणि 8 करा. किती थेंब लागतात ते वेगळ्या काढलेल्या थोड्या माध्यमावर मीटर लावून आधीच मोजून ठेवा. सामू एका अंकाने उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढली, तेव्हा घाईने बाटली ओतू नका.

प्रत्येक सामूच्या किमान तीन डिश ओता. आधी वेगळ्या डिशमध्ये वाढवलेल्या बुरशीच्या ताज्या वाढीच्या कडेचा 5 मिलिमीटरचा तुकडा प्रत्येकीच्या मधोमध ठेवा. कडेचाच घ्या, मधली बुरशी म्हातारी असते. डिश 28 अंशांना ठेवा. रोज ठरावीक वेळी काटकोनात दोन व्यास मोजा, सरासरी काढा, त्यातून 5 वजा करा. एखादी डिश काठाला टेकली की त्या दिवसापर्यंतचेच आकडे तुलनेला घ्या. बहुधा आम्ल बाजूच्या डिश पुढे निघतील आणि 7 च्या वर वाढ रेंगाळेल.

एक जादा डिश मात्र नक्की करा. माध्यमात ब्रोमोफिनॉल ब्लू हा सामूनुसार बदलणारा रंग घाला. सामू 4.6 च्या वर ते निळं, 3 च्या खाली पिवळं. निळ्या डिशमध्ये बुरशी पसरते तसतसं तिच्याभोवती पिवळं वर्तुळ उमटतं. बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते आहे! याच आम्लाने ती खोडाच्या पेशीभित्तीतलं कॅल्शियम पकडते आणि भिंत सैल झाली की आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी) ती विरघळवते. म्हणून शेवटच्या दिवशी प्रत्येक डिशचा सामू पुन्हा तपासा. तुम्ही सुरुवातीला दिलेला सामू तिने राहू दिलेला नसतो.

हे पाहिलं की काळ्या, विम्ल जमिनीतही मानकूज का येते ते उमगतं. मातीचा सामू 8 असला तरी खोडाजवळचा ती स्वतः उतरवते. डिशमधले आकडे बघून शेतात चुना टाकायला जाऊ नका. मागच्या पिकाचा पालापाचोळा खोल गाडा, कच्चं शेणखत टाळा. खोल मातीत हवा कमी मिळते, तिथे तिचे दाणे सहसा रुजत नाहीत.

काम झालं की सगळ्या डिश न उघडता पुन्हा ऑटोक्लेव्ह करा, मगच टाका. उकिरड्यावर फेकलेला एखादा दाणाही वर्षानुवर्षं जिवंत राहतो आणि खतातून थेट शेतात पोचतो.