चुनखडीचा कोअर कसा वाचावा: मुंबई हायच्या एल-३ साठ्याच्या निमित्ताने

मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. समुद्रात विहिरी खोदणाऱ्या 'सागर सम्राट' या रिगवरून फेब्रुवारी १९७४ मध्ये इथे तेल सापडलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. यातलं बहुतेक तेल मायोसीन काळातल्या एल-३ या चुनखडीत आहे. एल-३ म्हणजे एकसंध दगड नव्हे, तर चुनखडीचे एकावर एक पट्टे आणि मध्ये शेलचे (चिखलापासून बनलेल्या, द्रव अडवणाऱ्या खडकाचे) पातळ थर. अशा दगडात सच्छिद्रतेचा (दगडात मोकळी जागा किती टक्के, याचा) आकडा एकटा काहीच सांगत नाही. २० टक्के सच्छिद्रतेच्या दोन तुकड्यांच्या पारगम्यतेत (द्रव किती सहज वाहतो, त्यात) शंभर पटींचा फरक पडू शकतो. म्हणून आधी छिद्रं कोणत्या जातीची आहेत ते पाहायचं, आकड्यांकडे मग वळायचं.

कोअर (विहीर खोदताना काढलेला दगडाचा दंडगोल) पेटीत लावताना वरचं टोक वर धरलं की त्याच्या लांबीवर आखलेल्या दोन रेघांपैकी लाल रेघ उजवीकडे आणि काळी डावीकडे आली पाहिजे. एखादा तुकडा उलटा लागला तर पुढचं सगळं वाचन चुकतं. कोअरवरचा गॅमा आलेख (नैसर्गिक किरणोत्साराचा) विहिरीतल्या गॅमा लॉगशी (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या तशाच नोंदीशी) जुळवून खोली दुरुस्त करा. ड्रिलरची खोली आणि लॉगची खोली यांत दोन-तीन मीटरचा फरक सहज पडतो, आणि इथले पट्टे पातळ असल्याने तेवढ्यात आपण भलत्याच थरात जाऊन पोचतो. जिथे कोअर हाती आला नाही ती जागा मोकळीच दाखवा. पोकळ, भुसभुशीत भाग आधी तुटून जातो, त्यामुळे साठ्याच्या दृष्टीने उत्तम दगड बऱ्याचदा त्या मोकळ्या जागेतच असतो.

आता कापलेला पृष्ठभाग ओला करून १० पट भिंगाखाली धरा. चुनखडीचं डनहॅमने १९६२ मध्ये केलेलं वर्गीकरण इथे पुरेसं आहे: कण १० टक्क्यांहून कमी असतील तर मडस्टोन, जास्त असूनही चिखलात तरंगत असतील तर वॅकस्टोन, एकमेकांना टेकले असून मध्ये चिखल असेल तर पॅकस्टोन, चिखल अजिबात नसेल तर ग्रेनस्टोन. फोरॅमिनिफेरा (एकपेशीय जीवांची सूक्ष्म कवचं), लाल शैवाल, शिंपल्यांचे तुकडे यांची नोंद वेगवेगळी करा. शिंपल्यांचं अॅरागोनाइट (कवचातलं खनिज) आधी विरघळतं, त्यामुळे साच्यासारखी छिद्रं कुठे मिळतील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

दगडातलं खनिज कॅल्साइट की डोलोमाइट हे ठरवायला १० टक्के हायड्रोक्लोरिक अॅसिडचा थेंब टाका (पातळ करताना अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीही नाही). कॅल्साइट जोरात फसफसतो. डोलोमाइट बहुधा भुकटी केल्यावरच. तेलाने माखलेल्या दगडापर्यंत अॅसिड नीट पोचत नाही, तेव्हा तो तुकडा आधी धुऊन घ्या. थिन सेक्शनसाठी (काचेवर चिकटवलेला, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ दगडाचा काप) १.५ टक्के अॅसिडच्या १०० मिलिलिटरमध्ये ०.२ ग्रॅम अॅलिझरिन रेड एस हा रंग घाला आणि अर्धीच काच अर्धा ते पाऊण मिनिट बुडवा. कॅल्साइट गुलाबी-लाल होतो, डोलोमाइट रंग घेत नाही. ही कटकट टाळू नका. घनता लॉग २.३७ (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) दाखवत असेल आणि छिद्रांतल्या द्रवाची घनता १ धरली, तर कॅल्साइटच्या २.७१ ने सच्छिद्रता २० टक्के येते, डोलोमाइटच्या २.८७ ने २७ टक्के. वरच्या गॅस कॅपमध्ये (तेलाच्या वर साठलेल्या वायूत) हा लॉग सच्छिद्रता आणखी फुगवून दाखवतो, तिथे न्यूट्रॉन लॉग सोबत हवाच.

छिद्रांची जात हा या कामाचा गाभा. थिन सेक्शन करण्याआधी दगडात निळं इपॉक्सी निर्वात करून भरा, म्हणजे मोकळी जागा निळी दिसते. कणांमधलं निळं सलग दिसत असेल तर दगड बहुधा चांगला वाहतो. विरघळलेल्या शिंपल्यांचे निळे ठिपके सुटे सुटे दिसले तर सच्छिद्रता भरपूर, वाट मात्र बंद. एल-३ मधली बरीच सच्छिद्रता दगड तयार झाल्यानंतर विरघळून झालेली आहे, म्हणून हा फरक इथे फार मोलाचा.

हाच फरक पाण्याच्या हिशेबातही उतरतो. आर्चीचं सूत्र विद्युत रोधावरून छिद्रांत पाणी किती टक्के ते सांगतं; त्यातला m हा घातांक छिद्रं एकमेकांना कशी जोडलेली आहेत यावर ठरतो. त्यात सच्छिद्रता ०.२०, पाण्याचा रोध ०.०५ आणि दगडाचा १० ओहम-मीटर घेतला, a आणि n हे बाकीचे स्थिरांक नेहमीचे १ आणि २ ठेवले, तर m = २ धरल्यावर पाणी ३५ टक्के येतं. सुट्या छिद्रांच्या दगडात m २.६ असेल तर तेच ५७ टक्के. सवयीने २ घातलं की कागदावर नसलेलं तेल दिसू लागतं. m कोअरवर मोजून घ्या, तोही छिद्रांच्या प्रत्येक जातीसाठी वेगळा.

प्लग (मोजणीसाठी कोअरमधून कापलेला छोटा दंडगोल) काढताना हात आपोआप टणक भागाकडे जातो. ते टाळायला ठरावीक अंतरावरच प्लग काढा. बोटाएवढ्या पोकळ्या असतील तर दीड इंचाचा प्लग अपुरा पडतो, तिथे कोअरचा अख्खा तुकडा मोजा.

शेलमधून सहसा प्लग निघत नाही आणि सरासरीतून शेल गायब होतो. समान जाडीच्या दहा पट्ट्यांपैकी नऊ १०० मिलीडार्सीचे (मिलीडार्सी हे पारगम्यतेचं एकक) आणि एक ०.१ चा असेल, तर आडव्या प्रवाहाची अंकगणिती सरासरी ९० येते, पण उभ्या प्रवाहाची हरात्मक सरासरी जेमतेम १. जलभरणाचं (तेल पुढे ढकलायला साठ्यात सोडलेलं) पाणी किंवा वरचा वायू कुठल्या पट्ट्यात शिरेल आणि कुठे अडेल, ते यावर ठरतं. म्हणून बोटभर जाडीचा शेलसुद्धा कोअरच्या नोंदीत खोलीसह लिहा आणि शेजारच्या विहिरीत त्याच पातळीला तो आहे का, ते तपासा.