लिमिटेड एडिशनची जपानी गाडी जुनी घेताना: आधी ओळख पटवा, मग इंजिन ऐका

मोजक्या संख्येने निघालेली जपानी वेगवान गाडी जुन्या बाजारात घ्यायला निघालेला माणूस बहुधा इंजिनापासून सुरुवात करतो. बॉनेट उघडतो, गाडी सुरू करायला सांगतो, टर्बोचा आवाज ऐकतो आणि तिथेच मनाने गाडी घेऊन टाकतो. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. इंजिन बांधून घेता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, गंजलेला पत्रा कापून नवा घालता येतो. परंतु जी गाडी मुळात त्या आवृत्तीची नाहीच, तिला कितीही पैसा ओतून त्या आवृत्तीची करता येत नाही. साध्या मॉडेलपेक्षा आपण जी कितीतरी पट जास्त रक्कम मोजतो, ती सगळी या ओळखीपोटी असते, म्हणून शोधाचे पहिले काही आठवडे कागदांवरच घालवावेत.

गोव्यात या गाड्यांचे दोन प्रकारचे गिऱ्हाईक मी पाहतो. पहिला स्वतः तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतो किंवा आखातात, इंग्लंडमध्ये नोकरीला असतो आणि गाडी तिथेच घेऊन तिथेच चालवणार असतो. दुसरा इथे डिचोली, फोंडा, म्हापसा भागात राहतो आणि मुंबई, दिल्ली किंवा केरळच्या नंबरची गाडी आणून तिचे गोव्यात पासिंग करून घेण्याचा विचार करत असतो. दोघांचा अभ्यास सारख्याच ठिकाणी सुरू होतो, पण पुढे वाटा फुटतात.

सुरुवात एकाच आवृत्तीपासून करावी. ‘एखादी चांगली जेडीएम गाडी’ (म्हणजे जपानच्या बाजारासाठी बनलेली गाडी) असा सैल शोध घेणाऱ्याला विकणारा जे दाखवेल ते खरे वाटते. उदाहरणासाठी सुबारू इम्प्रेझा २२बी घेऊ. सुबारू गाड्यांची चाळीस वर्षे आणि जागतिक रॅली स्पर्धेतील उत्पादकांचे सलग तिसरे विजेतेपद यांच्या निमित्ताने ही दोन दारांची गाडी मार्च १९९८ मध्ये जपानमध्ये आली आणि तिथल्या बाजारासाठी ती फक्त ४०० काढण्यात आली. तिचे इंजिन २,२१२ सीसीचे आहे आणि फुगवलेल्या मडगार्डांमुळे तिची रुंदी १,७७० मिलिमीटर भरते. त्याच काळातील दोन दारांची साधी एसटीआय, म्हणजे इम्प्रेझाचीच नेहमीची वेगवान आवृत्ती, १,९९४ सीसीची आणि १,६९० मिलिमीटर रुंदीची होती. दोघींच्याही चासी नंबराची सुरुवात जीसी८ अशीच असल्यामुळे साध्या गाडीला रुंद मडगार्ड, मोठा मागचा पंख आणि सोनेरी चाके लावून तिला २२बी म्हणून उभे करण्याचा मोह अनेकांना झालेला आहे. म्हणून आवृत्ती निवडल्यावर पहिले काम हे, की खऱ्या गाडीचे जे आकडे सरकारी कागदावर उमटतात त्यांचे एका पानावर टिपण करावे: इंजिनाची क्षमता, लांबी, रुंदी, वजन, चासी नंबराची सुरुवात आणि पहिल्या नोंदणीचा काळ.

माझा भाचा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो. एके रात्री त्याचा फोन आला, ‘मामा, २२बी मिळाली, किंमतही आवाक्यातली आहे, उद्याच इसार देतो.’ मी त्याला एकच विनंती केली, की गाडी जपानमधून बाहेर पडताना झालेला निर्यातीचा दाखला, म्हणजे तिथली नोंदणी रद्द केल्याचा कागद, विकणाऱ्याकडून मागवून त्याचा स्वच्छ फोटो मला पाठव. दुसऱ्या दिवशी फोटो आला. बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसून मी तो मोबाईलवर मोठा करून पाहिला. जपानी लिपी मला येत नाही, पण त्या कागदावरचे आकडे कोणालाही वाचता येतात. चासी नंबर जीसी८ने सुरू होणारा होता, गाडीची लांबी सेंटिमीटरमध्ये दिली होती, आणि तिच्या शेजारच्या चौकोनात रुंदीचा आकडा होता १६९. खाली इंजिनाच्या क्षमतेच्या चौकोनात १.९९ लिटर. खऱ्या २२बीच्या कागदावर तिथे १७७ आणि २.२१ असते. मडगार्ड सुंदर बसवलेले होते, रंग उत्तम होता, गाडी चालवायलाही बहुधा छानच असेल. पण ती जपानमध्ये जन्मली तेव्हा रुंद नव्हती. भाच्याने व्यवहार सोडला. विकणाऱ्याला हे आधीच ठाऊक होते, का तोही कोणाकडून फसला होता, हे आम्ही शोधत बसलो नाही.

या एका कागदाइतके बोलके साधन दुसरे नाही, म्हणून तो वाचण्याची रीत थोडी सविस्तर सांगतो. त्यावरची तारीख पुष्कळदा जपानी राजवटीच्या वर्षात असते: हेइसेईच्या वर्षात १९८८ मिळवावेत आणि रेइवाच्या वर्षात २०१८ मिळवावेत, म्हणजे आपले इसवी सन मिळते. हेइसेई १० म्हणजे १९९८. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला सतरा अक्षरांचा चासी नंबर नसतो. मॉडेलचा संकेत, मग आडवी रेघ आणि मग अनुक्रमांक असा तो आखूड असतो, त्यामुळे सतरा अक्षरी नंबर ओळखणारी संकेतस्थळे इथे उपयोगी पडत नाहीत आणि ‘नंबर सापडत नाही’ एवढ्यावरून गाडीवर संशय घेऊ नये. जपानमधल्या पाटीचे जुने फोटो मिळाले तर तेही पाहावेत, कारण १,७०० मिलिमीटरपेक्षा रुंद किंवा २,००० सीसीपेक्षा मोठ्या मोटारीच्या वर्गाचा आकडा तिथे ३ने सुरू होतो आणि त्याहून लहान मोटारीचा ५ किंवा ७ने. अलीकडच्या दाखल्यांवर तिथल्या सक्तीच्या तपासणीच्या वेळचे मीटरचे आकडेही छापलेले असतात.

गाडी जपानी लिलावातून आली असेल तर लिलावाचा तक्ता मिळवण्याचा प्रयत्न करावा. त्यावर गाडीची रेखाकृती असते आणि तिच्यावर तपासनीसाने खुणा केलेल्या असतात: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर राहिलेली लाट, एस म्हणजे गंज, आणि दोन फुल्या म्हणजे तो भाग बदललेला. साडेचार-चार असा दर्जा चांगला मानतात. दर्जाच्या जागी आर असेल तर सांगाड्याला दुरुस्ती झालेली आहे. आर असलेली प्रत्येक गाडी टाकाऊ असते असे मी म्हणणार नाही, पण विकणाऱ्याने ती ‘कधीही न ठोकलेली’ म्हणून दाखवली असेल तर बोलणी तिथेच थांबवावीत.

इंग्लंडमधील गाडीसाठी आणखी एक सोय आहे. तिथल्या वार्षिक एमओटी तपासणीचा इतिहास नुसत्या गाडीच्या नंबरावर इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतो. प्रत्येक वर्षीचे मीटर, नापास होण्याची कारणे आणि ‘खालून गंज लागत आहे’ अशा सूचना त्यात ओळीने सापडतात. मात्र जपानी मीटर किलोमीटरचे असते आणि इंग्लंडमध्ये ते मैलांचे करून घेतात, त्यामुळे मध्येच आकडा घसरलेला दिसला तर आधी रूपांतर केव्हा आणि किती किलोमीटरवर झाले याची पावती मागावी.

प्रत्येक आवृत्ती २२बीसारखी कागदावर वेगळी उमटत नाही. मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशन सहाची टॉमी मॅकिनेन एडिशन हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. १९९६ ते १९९९ असे सलग चार वेळा जागतिक रॅली विजेतेपद मिळवणाऱ्या या फिनिश चालकाच्या नावाने ती जानेवारी २०००मध्ये आली. तिचा सीपी९ए हा संकेत साध्या इव्हो सहाचा आणि त्याआधीच्या पाचचाही आहे, इंजिनही तेच दोन लिटरचे ४जी६३ आहे. पुढचा वेगळा बंपर, सतरा इंची पांढरी एन्काय चाके आणि लाल-काळ्या रेकारो खुर्च्या या गोष्टी कुठल्याही सीपी९एवर चढवता येतात, आणि तांबड्या अंगावरचे रॅलीचे पट्टे तर स्टिकरचेच असतात. इथे इंजिनाजवळच्या पत्र्याच्या पाटीवर मॉडेलचा पूर्ण संकेत आणि रंगाचा संकेत असतो, तो चासी नंबराबरोबर त्या आवृत्तीच्या उत्पादन नोंदींशी ताडून पाहावा लागतो. तांबडा रंग हा पुरावा धरू नये, कारण ही आवृत्ती पांढऱ्या, काळ्या, निळ्या रंगांतही आली होती. पाटीचे रिव्हेट नवे दिसतात का आणि फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, ठोकलेल्या नंबराभोवतीचा रंग आजूबाजूच्या रंगाशी जुळतो का, हे बॅटरीच्या उजेडात तिरके पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता इथल्या, म्हणजे भारतात आधीच असलेल्या गाडीकडे वळू. या बाबतीत माझे मत कठोर आहे. आपल्या आयात धोरणानुसार वापरलेली मोटार उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये, ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगची असावी लागते आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच आणता येते. याचा अर्थ असा, की १९९८ किंवा २०००ची एखादी दुर्मीळ गाडी आज आपल्या रस्त्यावर भारतीय नंबर लावून उभी असेल, तर ती केव्हा, कोणत्या बंदरातून आणि कोणाच्या नावाने आली हा पहिला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कस्टम्सच्या बिल ऑफ एन्ट्रीने, म्हणजे आयातीच्या नोंदीच्या कागदानेच, दिले पाहिजे. कार्ने नावाच्या तात्पुरत्या परवान्यावर आलेली गाडी मुदतीत परत न्यावी लागते. ती इथे विकताच येत नाही. सुटे भाग म्हणून तुकड्यांत आलेली आणि नंतर एखाद्या साध्या गाडीच्या आरसीवर जोडलेली गाडीही तुमची कधीच होत नाही, पैसे मात्र तुमचे जातात. सप्टेंबर २०२५मध्ये कस्टम्सने केरळात ‘ऑपरेशन नुमखोर’ या नावाने भूतानमार्गे आणल्याच्या संशयावरून महागड्या गाड्या जप्त केल्या, तेव्हा त्या जप्तीची झळ शेवटी गाडी ज्याच्या दारात उभी होती त्यालाच बसली.

त्यामुळे गोव्यात राहून अशी गाडी बाळगायचीच असेल, तर कंपनीने स्वतः भारतात विकलेल्या गाड्यांचा विचार आधी करावा. लान्सर इव्होल्यूशन दहा, निसान ३७०झेड आणि २०१६च्या अखेरीस आलेली जीटी-आर या अधिकृतपणे इथे विकल्या गेल्या. यांच्या बाबतीत मूळ विक्रीचे इनव्हॉइस, आरसी आणि परिवहन खात्याच्या ॲपवरील नोंद या तिन्हींवर चासी व इंजिन नंबर अक्षरशः एकच आहेत का ते पाहावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ तपशिलात बदल करून ती चालवता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणून बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीवर नसेल तर पासिंगच्या वेळी अडणार हे नक्की. परराज्यातील गाडीसाठी मूळ आरटीओची फॉर्म २८वरची एनओसी, विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटले असल्यास बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हे सगळे पैसे देण्यापूर्वी हातात असावे. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी गोव्यात राहणार असेल तर इथला नंबर घ्यावाच लागतो, त्यामुळे रस्ताकर किती भरावा लागेल हे आपल्या भागातील आरटीओत जाऊन आधी विचारून यावे.

ओळख पटल्यावर मगच गाडीखाली शिरावे. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि किनाऱ्यावरच्या गावात पावसाळ्याबाहेरही हवेत मीठ असते. कांदोळी किंवा कोलव्याला उघड्यावर ठेवलेली गाडी आणि आत वाळपईला छपराखाली ठेवलेली गाडी यांच्या पत्र्यात पाच वर्षांत मोठा फरक पडतो. जुन्या इव्होमध्ये डिकीचा गालिचा उचलून मागच्या सस्पेन्शनच्या टोप्या आणि त्यांच्या शेजारचे खळगे बोटाने दाबून पाहावेत. जुन्या इम्प्रेझात मागच्या चाकांच्या कमानींची आतली बाजू पाहावी. इव्हो दहामध्ये मागच्या चाकाजवळ बसवलेला एवायसीचा (वळणावर मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या यंत्रणेचा) पंप पाण्याने आणि मिठाने गंजतो आणि तो महाग असतो, तेव्हा डॅशबोर्डवर त्याची सूचना येते का हे गाडी बराच वेळ चालवून बघावे. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळाले तर प्रत्येक पत्र्यावर फिरवावे. जिथे आकडा एकदम चढतो तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

इंजिन सकाळी थंडच सुरू करायला लावावे आणि आपण पोहोचण्यापूर्वी ते तापवून ठेवलेले नाही ना, हे बॉनेटवर हात ठेवून बघावे. ४जी६३ला टायमिंग बेल्ट आहे आणि इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या बॅलन्स शाफ्टचा दुसरा लहान बेल्टही आहे. लहान बेल्ट तुटून मोठ्यात अडकला तर व्हॉल्व्ह वाकतात. जपानमध्ये बेल्ट बदलल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर इंजिनाजवळ चिकटवण्याची पद्धत आहे. तो सापडला तर मीटरच्या आकड्याशी ताडून पाहावा, कारण मागे फिरवलेले मीटर अशा कोपऱ्यातल्या स्टिकरमुळे उघडे पडलेले मी दोनदा पाहिले आहे. रोटरी इंजिनाच्या माझदा आरएक्स-७चे कॉम्प्रेशन साध्या गेजने मोजता येत नाही, त्यासाठी वेगळे यंत्र लागते. ते उपलब्ध नसेल तर ती गाडी घेऊ नये.

सुट्या भागांची चौकशीही व्यवहाराआधीच व्हावी. निसानने २०१७मध्ये निस्मो या आपल्या स्पर्धा विभागाच्या नावाखाली जुन्या आर३२ जीटी-आरचे भाग पुन्हा काढायला सुरुवात केली, पण प्रत्येक कंपनीने प्रत्येक गाडीसाठी असे केलेले नाही. त्या आवृत्तीपुरतेच असलेले पाच भाग, म्हणजे बंपर, दिवा, खुर्चीचे कापड, चाक, टर्बो, यांचे भाग क्रमांक घेऊन ते आज मिळतात का आणि केवढ्याला, हे विचारून घ्यावे आणि त्या बेरजेचा विचार किंमत ठरवताना करावा.

इसार देताना लेखी करार करावा आणि त्यात चासी नंबर, इंजिन नंबर व आवृत्तीचे पूर्ण नाव लिहावे, आणि यांपैकी काहीही कागदांशी न जुळल्यास इसाराची रक्कम ठरलेल्या दिवसांत परत मिळेल, हे वाक्य विकणाऱ्याच्या सहीसह घ्यावे. सही करायला तो कचरला, तर पुढचा फोन त्याला करू नये.